मुलुंड पूर्व की पश्चिम? वस्ती, घरं आणि हवा यांबद्दल जाणकारांकडून माहिती हवी आहे

निशिगंध | १४ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली आहे. दिवाळीच्या आत खोल्या रिकाम्या करायच्या आहेत. नवी इमारत उभी राहीपर्यंत चार-पाच वर्षं तरी आईबाबांना भाड्याच्या घरात राहावं लागणार. मी ठाण्यात राहते, त्यामुळे त्यांच्यासाठी मुलुंड बघते आहे. बाबा ७४ वर्षांचे आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे. आईला दमा आहे आणि पावसाळ्यात तो उसळतो.

दोन घरं पाहून ठेवली आहेत. एक पूर्वेला, मिठागर रोडच्या बाजूला, १९८० च्या सुमाराच्या सोसायटीत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. दुसरं पश्चिमेला, मुलुंड कॉलनीकडे, नव्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर. भाड्यात फार फरक नाही, कारण टॉवरमधलं घर आकाराने बरंच लहान आहे.

एजंटला विचारलं की दोन्ही घरं "एकदम प्राइम". मला हवं आहे ते वेगळं. तिथे कोण माणसं राहतात, इमारती कशा आहेत, पाऊस आणि उन्हाळा कसा जातो? आयुष्यभर समुद्रापासून दहा मिनिटांवर राहिलेल्या माणसांना तिथली हवा मानवेल का? बाबा तर म्हणतात, मुलुंड म्हणजे ठाणंच, मुंबई कुठली.

---

पाचरस्ता | १४ जून, रात्री १०:२५

बाबांचं अगदीच चूक नाही. मुलुंड बृहन्मुंबईत आलं १९५७ मध्ये. १९५० ला हद्द भांडुपपर्यंत वाढली होती, पुढच्या खेपेला मुलुंड आणि दहिसर आत आले. म्हणजे माझ्या आजोबांनी इथे घर बांधलं तेव्हा ते मुंबईत राहत नव्हते.

पण गिरगावकरांना एक गोष्ट नक्की आवडेल. पश्चिमेला स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंतचा भाग आखून वसवलेला आहे. १९२२ च्या सुमारास झवेरभाई रतनशी यांनी क्राउन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांकडून त्याचा आराखडा करून घेतला. रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे. म्हाताऱ्या माणसाला सकाळी चालायला निघाल्यावर चुकायची भीती नाही. रस्त्यांवर जुनी झाडं अजून आहेत, मात्र इमारती पाडताना त्यांची संख्या कमी होताना मी डोळ्यांनी पाहतो आहे आणि त्याचं फार वाईट वाटतं.

वस्ती म्हणाल तर पश्चिमेला गुजराती, कच्छी बरेच, मराठी आहेतच, दाक्षिणात्य कुटुंबंही जुनी. मुलुंड कॉलनीकडे फाळणीनंतर आलेले सिंधी वसले. पूर्वेला मराठी वस्ती अधिक. कालिदास नाट्यगृह पश्चिमेला, आणि नाटकाला निम्मी पूर्व रेल्वेचा पूल ओलांडून येते.

---

आकडेमोड | १५ जून, सकाळी ७:१०

चांगला धागा. थोडे आकडे देतो, पण ते जपून वाचावेत.

मुलुंड म्हणजे महापालिकेचा टी विभाग. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ३,४१,४६३ होती. शेजारचा एस विभाग, म्हणजे भांडुप-विक्रोळी-पवई, ७,४३,७८३. कुर्ल्याचा एल विभाग ९ लाखांच्या वर. म्हणजे पूर्व उपनगरांत मुलुंड सगळ्यात विरळ. टी विभागाचं क्षेत्रफळ साधारण ४५ चौरस किलोमीटर, त्यामुळे घनता चौरस किलोमीटरला साडेसात हजारांच्या आसपास निघते. संपूर्ण उपनगर जिल्ह्याची तेव्हाची घनता वीस हजारांच्या पुढे होती.

आता हा आकडा दाखवून कोणी "मुलुंड मोकळं आहे" म्हणालं तर लगेच मान डोलावू नका. त्या ४५ चौरस किलोमीटरमधला मोठा भाग राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे आणि दुसरा मोठा भाग मिठागरं आणि खाडीकाठची खारफुटी. माणसं राहतात ती मधल्या पट्ट्यात. संध्याकाळी सात वाजता स्टेशनच्या पुलावर उभं राहिलं की खरी घनता कळते.

निशिगंध, तुमच्या घरची गोष्टही जनगणनेत दिसते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर उतरली. त्याच काळात उपनगर जिल्हा ८६ लाख ४० हजारांवरून ९३ लाख ५७ हजारांवर गेला. गिरगाव, लालबाग, परळ रिकामं होत गेलं आणि माणसं उत्तरेला सरकली. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे त्यानंतर मुलुंडमध्ये जे टॉवर उभे राहिले, त्यांतली माणसं अजून कुठल्याच मोजणीत नाहीत.

---

निशिगंध | १५ जून, सकाळी ८:०५

आकडेमोड, हे वाचून जरा गलबलून आलं. आमच्या मजल्यावर नऊ बिऱ्हाडं होती, आता चार उरली आहेत. गेलेल्या पाचांपैकी दोन डोंबिवलीला, एक बोरिवलीला.

---

मीठागर | १५ जून, दुपारी १:३०

मी मिठागर रोडलाच तीस वर्षं राहतो, म्हणून पूर्वेचं सांगतो.

मुलुंड समजून घ्यायचं तर एकच गोष्ट लक्षात ठेवा. पश्चिमेला डोंगर, पूर्वेला खाडी, आणि सगळं गाव त्या उतारावर बसलेलं. डोंगरावर पडलेलं पाणी खाली येतं आणि रेल्वे, हमरस्ता ओलांडून खाडीकडे जातं. पूर्वेला जमीन सखल आणि खाली चिखलमाती. भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळेस आले की नाल्यांचं पाणी खाडीत उतरत नाही, तुंबतं. म्हणून इथे तळमजला घ्यायचा नाही, दुसरा मजला त्या दृष्टीने उत्तम.

पण खारी हवा. खिडक्यांच्या ग्रिल गंजतात, भिंतींना लोणा धरतो. प्लास्टर फुगून पोपडे निघतात, रंग काढून पुन्हा लावला तरी दोन पावसाळ्यांत तेच. आमच्या सोसायटीने गच्चीवर पत्र्याची शेड टाकली तेव्हा वरच्या मजल्याची गळती थांबली. खालच्या भिंतींची ओल मात्र आहे तशीच. दम्याच्या माणसासाठी ही गोष्ट हलकी घेऊ नका.

डंपिंग ग्राउंडबद्दलही सांगायला हवं. हरिओम नगरच्या बाजूचं डंपिंग १९६७ पासून चालू होतं. उन्हाळ्यात तिथे आग लागायची आणि धूर घरात यायचा. माझ्या मुलीचं बालपण त्या वासात गेलं. २०१८ मध्ये तिथे कचरा टाकणं बंद झालं आणि साठलेला कचरा उपसायचं काम सुरू झालं. फरक खरंच पडला आहे. आता ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलाचा वास येतो तेवढा, तो मला वास वाटतच नाही.

आणि हिवाळ्यात खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात. २०१५ ला ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ ला महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव आलं. बाबांना एकदा दुर्बीण घेऊन नक्की न्या.

---

डोंगरपायथा | १५ जून, रात्री ९:१५

मी अगदी दुसऱ्या टोकाला, मुलुंड कॉलनीच्या वर राहते. मीठागर यांचं उताराचं म्हणणं शंभर टक्के पटलं.

आमच्याकडे सूर्य लवकर जातो. घड्याळात सूर्यास्ताला वेळ असते, पण तो डोंगराआड गेलेला असतो आणि अंगणात सावली उतरते. एप्रिल-मे मध्ये ती सावली केवढी मोलाची वाटते! दुपार मात्र कठीण. समुद्राचा वारा इथपर्यंत उशिरा आणि दमून पोचतो, मध्ये डोंगर आहे. गिरगावात दुपारी दोनला जी झुळूक येते, तिची सवय असलेल्या माणसाला पहिला उन्हाळा जड जाईल. माझ्या सासूबाई दादरच्या, त्यांनी पहिल्या मे महिन्यात दोनदा सामान बांधायला घेतलं होतं.

थंडी मात्र खरी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे डोंगरावरून गार हवा उतरते, पांघरूण लागतं. गिरगावात स्वेटर कपाटाच्या तळाशी असतो, इथे तो खुंटीवर येतो.

पाऊस आला की डोंगरावर ओहोळ दिसायला लागतात, स्वयंपाकघराच्या खिडकीतून तीन मोजता येतात. अंधार पडल्यावर कचरा बाहेर ठेवायचा नाही, कारण कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. हे भीती घालायला सांगत नाही. आम्ही नियम पाळतो, तोही त्याच्या वाटेने जातो. अकराव्या मजल्यावर काहीच प्रश्न नाही, पण बाबांनी पहाटे एकट्याने वरच्या रस्त्याने फिरायला जाऊ नये.

---

पाडाकर | १६ जून, सकाळी ६:५०

सगळे पूर्व-पश्चिम बोलताहेत, गावठाणाचं कोणी नाव घेत नाही म्हणून लिहितो. गव्हाणपाडा, नाणेपाडा ही गावं इमारतींच्या आधीची. आमची घरं कौलारू होती, पुढे पडवी, मागे आड. आज चारी बाजूंनी टॉवर आहेत आणि त्यांच्या सावलीत दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो.

निशिगंधताई, मिठागर रोडला मासळी ताजी मिळते आणि विचारून घ्यावी लागत नाही, एवढं नक्की लक्षात घ्या.

---

निशिगंध | १६ जून, सकाळी ९:२०

पाडाकरदादा, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. टॉवरच्या घराबद्दल बोलताना मालकांनी पहिला प्रश्न विचारला, "नॉनव्हेज बनवता का?" आई म्हणाली, आठवड्यातून दोनदा मासे. त्यावर ते म्हणाले, सोसायटीला चालत नाही. लेखी नियम आहे का विचारलं तर गप्प. आई घरी येताना काही बोलली नाही, रात्री मात्र म्हणाली, आपल्याच मुंबईत आपण काय शिजवतो ते सांगून घर मागायचं. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

---

पाचरस्ता | १६ जून, सकाळी ९:५५

मनापासून वाईट वाटलं. मी पश्चिमेचा, आणि हे इथे होतं हे मला नाकारता येत नाही. पण सगळी पश्चिम अशी नाही. आमच्या मजल्यावर कच्छी शेजारी आहेत. श्रावण संपला की त्या काकू स्वतः विचारतात, "आज बोंबील नाही का?" कारण वासावरून त्यांना आमचा रविवार कळतो.

अशा घरात कराराने शिरूनही सुख नाही. सोडून द्या.

---

नकाशा_नववा | १६ जून, दुपारी ३:४०

सोसायट्यांच्या पुनर्विकासाच्या कामात आहे, म्हणून इमारतींबद्दल लिहितो.

मुलुंडमध्ये १९६० ते १९८५ मधल्या तळ अधिक तीन किंवा चार मजल्यांच्या सहकारी सोसायट्या भरपूर आहेत. बहुतेकांना लिफ्ट नाही. ज्यांनी त्या चाळिशीत घेतल्या ते आता ऐंशीला आलेत, आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं हाच त्यांचा दिवसाचा मोठा कार्यक्रम झाला आहे. पुनर्विकासाची घाई बिल्डरपेक्षा या जिन्यांमुळे आहे, असं माझं मत. २०१९ पासून एकावन्न टक्के सभासदांच्या संमतीवर काम पुढे जातं, त्यामुळे वेगही वाढला.

म्हणून जुन्या सोसायटीत भाड्याने जाताना आधी विचारा: ७९अ ची, म्हणजे सहकारी संस्था कायद्यातल्या त्या कलमाखालची पुनर्विकासाची प्रक्रिया सुरू झाली आहे का? विकासक नेमला आहे का? नेमला असेल तर दीड-दोन वर्षांत तुमच्या आईबाबांना पुन्हा सामान बांधावं लागेल. मालक हे आपणहून सांगत नाहीत. सोसायटीच्या फलकावर सर्वसाधारण सभेच्या नोटिसा लागलेल्या असतात, त्या वाचा.

आता ओल. एजंट घर दाखवतो ते उन्हाळ्यात, नवा रंग मारून. तुम्ही जुलैत जा, दोन दिवस सलग पाऊस झाल्यावर. घराचा नैऋत्य कोपरा शोधा, कारण आपल्याकडे पावसाचा मारा त्या बाजूने येतो. त्या भिंतीवर तळहात सपाट ठेवा. गार लागते ती कुठलीही भिंत लागेल, पण चिकट लागली तर आत पाणी आहे. मग बोटांच्या पेरांनी ठोका. घट्ट प्लास्टर टणटण वाजतं, सुटलेलं भद्द वाजतं. खिडकीच्या चौकटीखालचा रंग बघा, तिथे बुडबुडे आले असतील तर पाणी चौकटीतून शिरतंय. माळ्याच्या आतल्या बाजूला कोणी रंग देत नाही, टॉर्च मारून तिथे काळे ठिपके बघा. आणि सर्वांत शेवटी भिंतीतलं कपाट उघडून आत तोंड घाला आणि वास घ्या. बुरशीचा वास रंगाने झाकता येत नाही. आईंना हे करायला लावा, दम्याच्या माणसाला तो सर्वांत आधी कळतो.

नवा टॉवर म्हणजे कोरडा, असंही नाही. अकराव्या मजल्यावर वारा पाण्याला आडवं मारतो. सरकत्या खिडक्यांच्या पन्हाळीत पाणी साठतं आणि आत उतरतं.

---

आकडेमोड | १६ जून, रात्री ८:३०

नकाशा_नववा, उत्कृष्ट प्रतिसाद, जपून ठेवतो आहे.

पावसाबद्दल थोडी भर. गिरगावकरांच्या डोक्यात पाऊस म्हणजे कुलाबा वेधशाळेचा. उपनगरांचा आकडा सांताक्रूझचा असतो आणि तो वर्षाच्या सरासरीत कुलाब्यापेक्षा जास्तच येतो. २६ जुलै २००५ ला २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७४. मी तेव्हा फोर्टमध्ये नोकरीला होतो. बाहेर रिमझिम होती आणि घरून फोन येत होते की पाणी कंबरेला लागलं. एकाच शहरात दोन वेगळे दिवस चालू होते. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांची त्यावेळची जुनी जाळी तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने केलेली होती, नंतर ५० च्या हिशेबाने कामं सुरू झाली.

मुंबईत मोसमी पाऊस दाखल व्हायची सर्वसाधारण तारीख ११ जून, परतायची ८ ऑक्टोबर. २०२५ मध्ये तो २६ मे लाच आला. म्हणजे घर बदलायचं तर ऑक्टोबरचा मधला आठवडा धरा. ऑक्टोबर हीट सोसावी लागेल, पण गाद्या कोरड्या राहतील.

---

मीठागर | १६ जून, रात्री ९:०५

अवांतर: ऑक्टोबर हीटमध्ये आमच्याकडे डास वाढतात. जाळ्या आधीच बसवून घ्या.

---

डोंगरपायथा | १७ जून, सकाळी १०:४५

लोकलचं राहिलं. बाबांना गिरगावात डॉक्टरकडे, बँकेत जावं लागणारच. मुलुंडहून सीएसएमटी ३१ किलोमीटर. जलद गाड्या सगळ्या इथे थांबत नाहीत, त्यामुळे धिम्या गाडीची तासाभराची तयारी ठेवा. सकाळी अकरानंतर बसायला मिळतं. आणि घर पूर्वेला घेतलं तर पूर्वेचाच बाजार, पूर्वेचाच डॉक्टर धरा. गुडघे दुखत असताना रोज रेल्वेचा पूल चढणं नको.

---

निशिगंध | २१ जुलै, रात्री १०:१५

धागा वर काढते आहे. तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही.

शनिवार-रविवार पाऊस होता, तोच मुहूर्त धरून आईला घेऊन गेले. आधी मिठागर रोडचं घर. हॉल सुरेख, उजेड भरपूर, शेजारच्या काकूंनी चहाला बोलावलं. आत गेलो. नैऋत्येच्या भिंतीवर हात ठेवला तर हाताला चिकट. ठोकून बघितलं, भद्द. आईने कपाट उघडलं, दोन श्वास घेतले आणि खोकत बाहेर आली. पुढे काही बघावंच लागलं नाही. निघताना जिन्याखाली नोटीस बोर्ड वाचला, विकासकांच्या निविदांसाठी विशेष सभा. नकाशा_नववा, तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही त्या घराचं टोकन देऊन आलो असतो.

टॉवरचं घर बघायला गेलोच नाही. आईने नको म्हटलं.

तिसरं घर डोंगरपायथाताईंनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) सुचवलं होतं. मुलुंड पूर्वेलाच, नव्वद फुटी रस्त्याच्या आतल्या गल्लीत, पुनर्विकास होऊन चार वर्षं झालेली इमारत. तिसरा मजला, लिफ्ट आहे, खिडक्या ईशान्येला. मालक निवृत्त शिक्षक जोडपं, मुलाकडे पुण्याला चाललेत. आईने भिंती तपासल्या, माळ्यावर टॉर्च मारला, कपाटात डोकं घालून नीट वास घेतला. मालकीणबाई शांतपणे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मीही हे घर घेताना अस्संच केलं होतं, मलाही दमा आहे." मग दोघी अर्धा तास इनहेलरवर बोलत बसल्या.

माशांचा विषय आईनेच काढला. त्यांनी खिडकी उघडून खालचा कोपरा दाखवला, संध्याकाळी कोळीण तिथे बसते म्हणाल्या.

टोकन दिलं आहे. १८ ऑक्टोबरला सामान हलवायचं. तेहतीस महिन्यांचा करार करतोय, पुढे वाढवता येईल असं बोलणं झालं आहे.

दोन मदती हव्या आहेत. गिरगावातल्या अरुंद गल्लीत शिरू शकेल असा टेम्पोवाला कोणाच्या माहितीत आहे का? आजीचं सागवानी कपाट जिन्यातून उतरत नाही, गॅलरीतून दोर लावून खाली घ्यावं लागेल, तसं काम येणारी माणसं हवीत. आणि बाबा विचारताहेत, पूर्वेला सकाळी सहाला उघडणारं वाचनालय आहे का, निदान चार वर्तमानपत्रं मिळतील असा कट्टा?

---

पाडाकर | २१ जुलै, रात्री १०:४०

कपाटाचं माझ्यावर सोडा. आमच्या पाड्यातली चार पोरं दहीहंडीची आहेत, दोराचं काम त्यांना नवं नाही. व्यनि करतो. बाबांना सांगा, आमच्या मारुतीच्या देवळाच्या पारावर साडेपाचला पेपर येतो.